अनुभव धागा: लहान विमान उतरताना

14 सप्टेंबर 2023. संध्याकाळी पाचच्या सुमारास विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट 45 हे छोटं जेट विमान मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरताना उजवीकडे घसरलं आणि मोडलं. मुसळधार पाऊस, दृश्यमानता 700 मीटर. आतले आठहीजण वाचले. त्या वेळी मी मुंबईकडे येणाऱ्या प्रवासी विमानात होतो. बराच वेळ घिरट्या घातल्या, मग भलत्याच शहरात उतरवलं. शेजारचे गृहस्थ "कुणीतरी व्हीआयपी आला असणार" म्हणून तणतणत होते. मोबाइल चालू झाल्यावर खरं कारण कळलं आणि ते गप्प झाले.

पडलेल्या विमानाची बातमी होते, सावरलेल्याची होत नाही. इथे बारामती-शिरपूरकडे विमान चालवायला शिकणारे-शिकवणारे, परदेशात हौसेनं उडवणारे बरेच आहेत. जे पाहिलंत ते लिहा. दोष कुणाचा हे मात्र नको, त्यासाठी चौकशी यंत्रणा आहे.

मास्तर
मी शिकवतो, त्यामुळे हे नेहमीचंच. सेसना 152 हे दोन आसनी शिकाऊ विमान साधारण साठ नॉटला (ताशी सुमारे 110 किमी) धावपट्टीवर येतं. वेग जास्त राहिला की टेकून पुन्हा उसळतं. पहिल्या उसळीनं सहसा काही बिघडत नाही. पोरं घाबरून योक (नाक खाली-वर करायचं हँडल) पुढे ढकलतात, पुढचं चाक आधी आपटतं आणि दुसरी उसळी मोठी येते. तिसऱ्या वेळी चाक तरी जातं नाहीतर प्रोपेलर. एकाचं असंच झालं. मी खाली रेडिओ घेऊन उभा होतो. "फुल पॉवर, गो अराउंड" (न उतरता परत वर जा) तोंडातून निघेपर्यंत पाती डांबराला घासली होती. पोराला ओरखडासुद्धा नाही. पण प्रोपेलर जमिनीला लागला की नुसती पाती बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. तो कँटीनमध्ये हातात वडापाव घेऊन बसला होता. खातही नव्हता, खालीही ठेवत नव्हता.

इंदापूरकर
25 जुलै 2022 ला आमच्या तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान शेतात पडलं होतं. एकटी पोरगी चालवत होती. वाचली, हे महत्त्वाचं. हे धावपट्टीवरचं नाही, धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या. मी नंतर बघायला गेलो. एवढंसं विमान, आपल्या ट्रॉलीतसुद्धा मावेल असं वाटलं. गर्दीत एकजण विडी पेटवायला निघाला, त्याला म्हाताऱ्यांनी असा हाणला की विचारू नका.

सॅन होजेची सून
नवऱ्याकडे लायसन्स आहे. भाड्याचं सेसना 172, मागे सासूबाई. रीड-हिलव्ह्यू विमानतळावर उतरताना आडवा वारा अचानक वाढला, विमान मधल्या रेषेवरून सरकायला लागलं. ह्यानं एक शब्द न बोलता थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे सारला आणि आम्ही परत वर. मागून आवाज, "अरे, आलं होतं की खाली! परत कशाला उडवलंस?" दुसऱ्या फेरीत छान उतरलो. सासूबाईंनी घरी फोनवर नणंदेला काय सांगितलं? "त्याला पहिल्यांदा जमलं नाही गं." ह्याला अजून सगळे चिडवतात. मला तर त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या उडवण्यावर भरवसा बसला.

नवशिका
मास्तर, स्टॉलचा (पंखांची उचल सुटायला आल्याचा) इशारा देणारा भोंगा उतरताना वाजणं बरं की वाईट?

मास्तर
कुठे वाजतो त्यावर आहे. चाकं टेकता टेकता वाजला तर उत्तम. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना वाजला तर आधी नाक खाली, पंख सरळ, पॉवर. धावपट्टीची रेषा चुकली तर चुकू दे, परत फेरी मारता येते. तिथे रेषा गाठायला रडर (शेपटीचं सुकाणू, पायानं चालतं) दाबून वळण ओढणारे गिरकी खाऊन पडतात, आणि सावरायला खाली उंचीच नसते. 152 मध्ये हा भोंगा विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या कडेला भोक असतं, आत पेटीच्या सुरासारखी पट्टी. हवा ओढली गेली की वाजते. उडण्याआधी भोकावर रुमाल धरून तोंडानं हवा ओढायची, सूर ऐकायचा. त्याआधी आत कुंभारमाशीनं घर केलंय का तेही बघ.