वाद झाला की अल्बम खपतो की बसतो?

कॅसेटकीडा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. कुठलाही गायक किंवा बँड वादात सापडला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात, एक "संपला आता हा" आणि दुसरं "अहो अल्बम येतोय ना, म्हणून मुद्दाम केलंय सगळं". दोन्ही बोलणारे एकदम ठाम. पण मी आकडे बघायला गेलो तर मलाच काही कळेना. १९६६ मध्ये बीटल्सच्या जॉन लेननच्या 'आम्ही येशूपेक्षा लोकप्रिय आहोत' अशा अर्थाच्या वाक्यावरून अमेरिकेत बीटल्सच्या रेकॉर्ड्स जाळल्या, रेडिओ स्टेशनांनी गाणी बंद केली, आणि त्याच ऑगस्टमध्ये आलेला 'रिव्हॉल्व्हर' तिथे १ नंबरला गेला. उलट १९५८ मध्ये रॉक अँड रोल गायक जेरी ली लुईसने नात्यातल्याच १३ वर्षांच्या मुलीशी लग्न केल्याचं बाहेर आलं तर त्याचा इंग्लंडचा दौरा अर्ध्यात गुंडाळला आणि एका कार्यक्रमाचे १०,००० डॉलर घेणारा माणूस २५० डॉलरवर आला.

मग ह्यात काही सूत्र आहे का? ह्या धंद्यातलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा. आणखी एक म्हणजे, गायकाचं जे व्हायचं ते होवो पण त्या अल्बमवर वाजवणारे, मिक्सिंग करणारे, मागे कोरसमध्ये गाणारे जे लोक असतात त्यांचं काय होतं ह्याचा मला खरंच त्रास होतो, त्यांनी तर काहीच केलेलं नसतं.

मंद्रसप्तक

माझ्या मते वाद केवढा मोठा ह्यापेक्षा तो कोणाला लागला हे बघायचं. डिक्सी चिक्सचं (आता नुसतं 'द चिक्स' नाव आहे) उदाहरण नीट बघा, ह्या विषयावर ह्याच्याइतकं शिकवणारं दुसरं नाही. २००२ चा त्यांचा अल्बम पहिल्याच आठवड्यात ७,८०,००० खपला होता, कंट्री संगीतातला (म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांतला) सगळ्यात मोठा बँड म्हणा ना. मग १० मार्च २००३ ला लंडनच्या स्टेजवर त्यांची मुख्य गायिका नॅटली मेन्स बोलून गेली की राष्ट्राध्यक्ष (म्हणजे बुश) आमच्याच टेक्ससचा आहे ह्याची आम्हाला लाज वाटते. इराक युद्ध सुरू व्हायला जेमतेम दहा दिवस होते. हेच वाक्य एखाद्या रॉक बँडने टाकलं असतं तर चार दिवस चर्चा होऊन विषय संपला असता, पण ह्यांचा श्रोता नेमका तोच होता ज्याला ते वाक्य जाऊन टोचलं. कंट्री चार्टवर १ नंबरवर असलेलं त्यांचं गाणं धाडकन खाली आलं, लुइझियानात लोकांनी सीड्या आणून टाकल्या आणि त्यावरून ट्रॅक्टर फिरवला, कोलोरॅडोतल्या एका स्टेशनच्या दोन निवेदकांनी बंदी झुगारून स्टुडिओत स्वतःला कोंडून घेतलं आणि फक्त ह्यांचीच गाणी लावत बसले तर त्यांना निलंबित केलं!

आता पुढचं बघा. २००६ मध्ये त्यांनी माफी न मागता नवा अल्बम काढला. कंट्री रेडिओने जवळपास वाजवलाच नाही, तरी पहिल्या आठवड्यात ५,२६,००० खपला आणि १ नंबरवर आला, २००७ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. म्हणजे वादाने फायदा झाला म्हणायचा का? मी नाही म्हणणार. ७,८०,००० वरून ५,२६,००० ही घटच आहे (त्या काळात सगळ्यांचीच सीडीविक्री उतरत होती हेही खरं), आणि त्याच वर्षीच्या टूरमध्ये अमेरिकेतल्या काही शहरांतले शो तिकिटं जात नाहीत म्हणून रद्द करून कॅनडात वाढवावे लागले. जुना श्रोता गेला, त्याच्या जागी नवा आला पण पूर्ण जागा भरली नाही. हा हिशोब नुसत्या चार्टच्या नंबरात दिसत नाही.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाला +१, पण एक गोष्ट राहिली. श्रोता रागावला की नाही हा एक भाग झाला, गाणं श्रोत्यापर्यंत पोचवायचा नळ कोणाच्या हातात आहे हा दुसरा, आणि मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

गायिका जॅनेट जॅक्सनचं बघा. १ फेब्रुवारी २००४ च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत) मध्यंतराच्या कार्यक्रमात जस्टिन टिंबरलेकने तिच्या कपड्याचा भाग ओढला आणि थेट प्रक्षेपणात तिची छाती उघडी पडली. स्टेजवर दोघं होते. आठवड्याभरात जस्टिन टिंबरलेक ग्रॅमीच्या मंचावर पुरस्कार घेऊन माफी मागून मोकळा झाला, जॅनेट तिथे नव्हतीच. मार्चअखेरीस तिचा अल्बम आला तो पहिल्या आठवड्यात ३,८१,००० वर, आधीचा २००१ चा ६,०५,००० ने उघडला होता. आणि टिंबरलेकचा २००६ चा अल्बम पहिल्या आठवड्यात ६,८४,०००! प्रसंग एकच, बदनामी एकाच रात्री झालेली, पण एकीची गाणी आणि व्हिडिओ रेडिओवर, चॅनेलवर दिसेनासे झाले आणि दुसऱ्याचे चालू राहिले. हे वाचताना आजही संताप येतो. त्यामुळे "लोकांनी नाकारलं" असं कोणी लिहिलं की मी आधी विचारते, लोकांपर्यंत पोचू दिलं होतं का?

ह्याच्या बरोबर उलटं २०२१ मध्ये कंट्री गायक मॉर्गन वॉलनचं झालं. जानेवारीत अल्बम आला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा वंशद्वेषी शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला, रेडिओने काढून टाकलं, स्ट्रीमिंगवाल्यांनी प्लेलिस्टमधून हटवलं, कंपनीने करार स्थगित केला. आणि अल्बम? सलग दहा आठवडे १ नंबर, आणि अमेरिकेत त्या वर्षीचा सगळ्यात चाललेला अल्बम. २००३ सारखंच कंट्री रेडिओ, तसाच बहिष्कार, पण आता श्रोता स्वतः नाव टाइप करून ऐकू शकतो, रेडिओवाल्याच्या परवानगीची गरजच राहिली नाही. त्याच्या श्रोत्यांना रागही आपल्या गायकाचा नाही, त्याला हटवणाऱ्यांचा आला. मला हे पटतं असं नाही, बिलकुल नाही, पण घडलं ते असं.

शिवाय डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डने (अमेरिकेतले चार्ट काढणारं मासिक) अल्बमच्या चार्टमध्ये स्ट्रीम धरायला सुरुवात केली, तेव्हा १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशोब होता. म्हणजे "बघू तरी काय एवढं आहे" म्हणून रागाने ऐकणाराही विक्रीत मोजला जातो. आधी सीडीला पैसे मोजावे लागायचे, तेवढा राग सहसा कोणाला येत नाही.

बेसगिटार

मी छोट्या, स्वतंत्र कलाकारांची गाणी स्ट्रीमिंगवर चढवायचं काम करतो म्हणून त्या बाजूने लिहितो. वर सगळी उदाहरणं राजा-महाराजांची आहेत. नवख्याचं गणित वेगळं. २०१० मध्ये बर्जर, सोरेनसन आणि रासमुसेन ह्यांचा एक अभ्यास आला होता, पुस्तकांवरचा आहे पण इथे लागू पडतो. वाईट परीक्षण छापून आल्यावर नामवंत लेखकाची विक्री सुमारे १५ टक्के घटली आणि अनोळखी लेखकाची सुमारे ४५ टक्के वाढली. कारण साधं, लोक काही दिवसांनी परीक्षणात काय लिहिलं होतं ते विसरतात, नाव मात्र कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत राहतं.

पण ह्यावरून नवीन पोरांनी मुद्दाम भांडणं उकरून काढू नयेत, कळकळीने सांगतोय. आमच्याकडे एका गायकाने असंच दुसऱ्या एकाशी ऑनलाइन भांडण काढलं, गाणं तुफान चाललं, सगळे खुश. मी डॅशबोर्ड (गाणं कोणी किती ऐकलं ते दाखवणारं पान) उघडून बघितलं तर प्ले ढीगभर पण बहुतेकांनी अर्ध्या मिनिटाच्या आसपास सोडून दिलेलं, सेव्ह नाही, प्लेलिस्टमध्ये टाकलेलं नाही, फॉलोअर जवळपास तेवढेच. पुढचं गाणं आलं, ज्यावर त्या पोराने खरी मेहनत घेतली होती, तर कोणी ढुंकूनही बघितलं नाही. लोक भांडण बघायला आले होते, भांडण संपलं की निघून गेले.

कॅसेटकीडा

सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं लिहिलंय. पण राजकीय वक्तव्य वगैरे वेगळं आणि मारहाण, अत्याचार असले गुन्हे वेगळे ना? तिथे तरी लोक कायमचे तोडतात असं मला वाटायचं.

मंद्रसप्तक

तोडायला हवं, पण आकडे तसं सांगत नाहीत हो. अमेरिकन गायक ख्रिस ब्राउनने २००९ मध्ये त्याची तेव्हाची मैत्रीण, गायिका रिहाना हिला मारहाण केली, कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याच डिसेंबरच्या अल्बमने ७ नंबरवर, जेमतेम १,०२,००० ने सुरुवात केली. २००७ च्या अल्बमचा पहिला आठवडा २,९५,००० चा होता, म्हणजे शिक्षा झाली असं वाटलं. मार्च २०११ मध्ये पुढचा आला तो २,७०,००० आणि थेट १ नंबर. दोन वर्षांत गाडी रुळावर. ज्यांना चीड होती ते बहुतेक मुळात त्याचे गिऱ्हाईक नव्हते, आणि जे होते त्यांनी वाट बघितली, झालं. जिला मार बसला तिचा ह्या हिशोबात कुठे उल्लेखही नाही हे मला फार खुपतं.

वादाने अल्बमच खरोखर पुसला गेला असं ठळक उदाहरण मला मिली व्हॅनिली ह्या पॉप जोडगोळीचं आठवतं, आणि तिथे वाद गाण्याचाच होता. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये उघड झालं की त्या दोघांनी अल्बमवर एक ओळही गायलेली नाही. ग्रॅमी परत घेतलं, कंपनीने लाखोंनी खपलेला अल्बम कॅटलॉगमधून काढून टाकला, अमेरिकेत ग्राहकांना पैसे परत मागता आले, सीडीमागे ३ डॉलर. श्रोत्याला गायकाच्या स्वभावाबद्दल फसवलं तर तो माफ करतो, आवाजाबद्दल फसवलं तर नाही.

आणि तुम्ही मागच्या लोकांबद्दल विचारलं होतं ना, तर तिथे खरे गाणारे जे होते त्यांना घेऊन १९९१ मध्ये 'द रिअल मिली व्हॅनिली' नावाने युरोपात अल्बम काढला. आवाज तेच, ज्यांच्यावर आधी लाखो लोक फिदा होते. ह्या वेळी मात्र तसं वेड काही कुणाला लागलं नाही.