‘सिटी लाइट्स’चे संगीत नेमके कोणाचे?

प्रश्न: बडोद्यात आम्ही काही मित्रांनी नुकताच चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) पाहिला. संगीतकार म्हणूनही त्याचेच नाव आहे. ज्याला स्वरलेखन येत नव्हते, त्याने वाद्यवृंदासाठी रचना कशी केली असेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: तो व्हायोलिन आणि चेलो वाजवीत असे, तेही डावखुऱ्या पद्धतीने. चाली तो गुणगुणून दाखवी, आर्थर जॉन्स्टन त्या लिहून घेई आणि वाद्यवृंदाची सूत्रे आल्फ्रेड न्यूमनकडे असत. प्रसंग हसवणारा असला तरी संगीताने त्याच्याशी हसण्याची स्पर्धा करू नये, ते डौलदार आणि हळवेच असावे, हा त्याचा आग्रह मला त्याच्या अभिनयाइतकाच मोलाचा वाटतो. मुष्टियुद्धाचा प्रसंग पुन्हा पाहावा.

उत्तर २: एक दुरुस्ती. चित्रपटातल्या फुलवालीची धून मूळची होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची, ‘ला व्हायोलेतेरा’. त्याने दावा लावून तो जिंकलाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गायक मौलाबक्षांनी जिथे १८८६ पासून स्वरलिपीसह गायन शिकवले, त्या गावच्या माणसाला लिपीवाचून वाद्यवृंद ही कल्पना जरा जडच जाते.