साशिको जमत नाहीये, गोधडीची सवय आड येतेय का?

ठिगळ (पुणे):
मी ११ वर्षं हातानं क्विल्टिंग करतेय. त्याआधी आजीशेजारी बसून गोधड्या शिवल्या, त्यामुळे धावदोरा अंगात मुरलेला आहे. इंचाला १० टाके सहज पडतात. साशिको, म्हणजे धावदोऱ्यानं नक्षी भरायचं जपानी काम, हाती घेतलं तेव्हा वाटलं, टाका तर आपलाच, दोरा तेवढा जाड.

भाचीला बाळ होणार आहे, त्याच्या दुपट्यासाठी आसानोहा ही नक्षी निवडली. आसानोहा म्हणजे हेंपचं, भांगेच्या जातीतल्या धाग्याच्या रोपाचं पान. हे रोप सरळ आणि भराभर वाढतं, मूलही तसंच वाढावं म्हणून जपानात बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालतात. हे वाचल्यावर दुसरी कुठली नक्षी मनाला येईना.

नेव्ही ब्लू क्विल्टिंग कॉटन, खाली पातळ वॅडिंग (उबेसाठी भरायचा मऊ थर), त्याखाली अस्तर, असं सगळं फ्रेमवर ताणलं. दोरा भरतकामाचा, सहा पदरी. तीन संध्याकाळी बसून जेमतेम वीतभर काम झालं आणि तेही मनासारखं नाही. दोरा अर्ध्यातच पिंजतो. पानं जिथे जुळतात तिथे बारा रेघा एका बिंदूत येतात, त्यामुळे मधोमध गाठोडं झालंय. सुई प्रत्येक टाक्याला ओढून काढावी लागते. आणि फ्रेम सोडवली तर रेघेरेघेला चुण्या! टाके आणखी बारीक घालू का? बाळ यायला अडीच महिने आहेत, मला हे नीट शिकून करायचंय.

योकोहामाकर:
बारीक अजिबात नको, उलट मोठे घाल. इंचाला ५-६ पुरेत. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, वर ३ भाग तर खाली २, असा अंदाज ठेव.

आधी फ्रेम काढ. मी इथे वस्तीतल्या सभागृहात दर बुधवारी साशिको शिकायला जाते. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं की सुई स्थिर ठेवायची आणि कापड हलवायचं. सुई लांब असते, ५ सेंटिमीटरच्या आसपास. मधल्या बोटाच्या मुळाशी चामड्याचं कडं घालतात, त्याची चकती तळहाताच्या बाजूला येते आणि नेढ्याकडचं टोक तिच्यावर टेकतं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत कापड खालीवर करत सुईवर पाचसात टाके चुणून घ्यायचे आणि एकदम दोरा ओढायचा. ताणलेल्या कापडावर हे होणारच नाही.

चुण्या पडतात कारण एक पायरी राहून गेलीय, इतोकोकी. दोरा ओढला की शिवलेली रेघ चिमटीत धरून पुढच्या दिशेनं निपटत जायची, कापड सपाट होईपर्यंत. दर वेळी. कोपऱ्यावर वळताना मागे दोऱ्याचा छोटा सैल फास सोड.

मधल्या गाठोड्याचं म्हणशील तर बिंदूवर टाका घालायचाच नाही. सगळ्या रेघा अलीकडेच थांबवायच्या, मध्ये इवलीशी मोकळी जागा दिसली पाहिजे. पानं एकेक करून भरू नकोस. आधी लांब सरळ रेघा, मग तिरक्या, शेवटी नागमोडी.

आणि वॅडिंग काढच. हे काम उत्तर जपानच्या थंडीत वाढलं. तिथे कापूस पिकत नाही. आओमोरीच्या त्सुगारू भागात तर एदो काळात (१६०३ ते १८६८) शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाच बंदी होती. अंगावर हेंपचं विरळ कापड, त्यातून वारा शिरायचा, म्हणून सुती दोऱ्यानं त्याची भोकं बुजवत गेले. त्यातूनच तिथलं कोगिन हे भरतकाम आलं, कापडाचे धागे मोजून भरायचं, १, ३, ५, ७ असे विषम. आपल्या क्विल्टमध्ये ऊब वॅडिंगची आणि टाका ती धरून ठेवतो. त्यांच्याकडे ऊब टाक्याचीच होती. हे कळल्यापासून माझा हात आपोआप सावकाश चालायला लागला.

कृष्णाकाठ (सांगली):
ताई, कापड बदला. क्विल्टिंग कॉटनची वीण घट्ट असते, जाड दोरा त्यातून जाताना पिंजणारच. मांजरपाट दोनदा गरम पाण्यातून काढा किंवा सैल विणीची खादी घ्या, दोन पदर. भरतकामाच्या दोऱ्याला पीळ कमी, तो वापरू नका. साशिकोचा दोरा मिळाला नाही तर पर्ल कॉटन ८ नंबर चालतं. निळीत रंगवलेली खादी असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर पांढरा दोरा निळसर होतो.

सुईवर टाके भरून घ्यायचं म्हणाल तर माझ्या सासूबाई गोधडीला तेच करायच्या. जमिनीवर अंथरून, त्यावरच बसून. फ्रेम आमच्या घरात कधी नव्हतीच. तुमच्या आजीचा हात आठवून बघा.

ठिगळ (पुणे):
आठवला! आजी सुई दाबून धरायची आणि गुडघ्यावरचं कापड पुढे सरकवायची. फ्रेमची सवय मला नंतर क्विल्टिंगच्या वर्गात लागली.

तीन आठवड्यांनी लिहितेय. जुनं काम उसवलं. निळी खादी चार पाण्यांतून काढली, दोन पदर घेतले, जुन्या पर्सच्या चामड्याचं कडं शिवलं. पहिले दोन दिवस सुई चकतीवरून निसटत होती, आता बसते. काल मोजलं, १४ पैकी ९ जागी मध्ये मोकळी जागा स्वच्छ दिसतेय. उरलेल्या पाच पुन्हा करणार आहे. निपटायची पायरी एकदाही चुकवली नाही आणि कापड खरंच सपाट पडलंय.

एकच शंका. मागचे सैल फास बाळाच्या बोटांत अडकतील ना?

योकोहामाकर:
हो, अडकू शकतात. सगळं शिवून झाल्यावर मागून मऊ अस्तर लाव आणि कडेनं शिवून घे, म्हणजे फास आत राहतील.

ठिगळ (पुणे):
मग आजीचं नऊवारी लावते. धुऊन धुऊन सायीसारखं झालंय.