माळ नांगरून नेपिअर लावायचं? उत्तर द्यावंच लागेल

माळावरचा:
काल इथे कुणी लिहिलं, 'पवन्या, कुसळी ही माळाची गवतं म्हणजे नुसता भुसा, माळ नांगरा आणि नेपिअर हे चाऱ्याचं गवत लावा.' डोक्यातून जाईना. नेपिअरला पाणी कुठून आणणार? पावसाने तीन आठवडे दडी मारली तरी पवन्या-मारवेल ही गवतं पिवळी पडतात, मरत नाहीत. एक सर आली की बुडख्यातून हिरवे कोंब. अंजन गवताची मुळं पुरुषभर खोल जातात. ती नांगराने उपटली की मुरमावरची वीतभर माती पहिल्याच पावसात ओढ्याला जाते. निसवायच्या, म्हणजे तुरा यायच्या आधी हे गवत कापून टाका, गुरं कडब्याला तोंड लावत नाहीत.

दुधाळ:
मीच लिहिलं होतं, शब्द मागे घेणार नाही. निसवायच्या आधीचं सगळेच सांगतात, पुढच्या आठ महिन्यांचं बोला. वाळलेल्या पवन्यात प्रथिनं 3-4 टक्के. 7 च्या खाली गेलं की कोठीपोटातले, म्हणजे गुराच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू उपाशी, मग जनावर खातंच कमी. पोट टम्म आणि बरगड्या वर. दुभती गाय यावर ठेवून दाखवा.

कालवडवाली:
प्रथिनं राहू द्या. माझ्या कालवडीच्या डोळ्यात कुसळीचं टोकदार कुसळ गेलं. दोन दिवस नुसतं पाणी गळत होतं, तिसऱ्या दिवशी बुबुळ पांढरं. डोळा गेला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माळ पेटवते.

माळावरचा:
ताई, फार वाईट झालं. पण पेटवून तुम्ही कुसळीच पोसताय. पिकलेलं कुसळ तळहातावर घ्या, थेंबभर पाणी सोडा. पीळ सुटतो आणि ते गरगर फिरतं. असंच ते बी मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. वर पडलेलं बाकीच्या गवतांचं बी भाजून जातं.

कालवडवाली:
तळहातावरचे प्रयोग मला सांगू नका. तो डोळा रोज मी धुतलाय.

रानवाट:
पेटवणाऱ्यांनी वारा कधी बघितलाय? शेजारच्या माळाची आग बांध ओलांडून आली, वर्षाच्या चाऱ्याची गंजी तासाभरात राख. 'एवढीशीच काडी लावली' म्हणे! गुरं विकावी लागली मला.

कालवडवाली:
आग पुढे जाऊ नये म्हणून मी आधी जाळपट्टा काढते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

दुधाळ:
मूळ मुद्दा गेला कुठे? बरं, उताराचा मुरमाड माळ नांगरू नये, एवढं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही. पाणी असेल तिथे नेपिअरच.

माळावरचा:
पाण्याखालच्या तुकड्याला मी कधी नाही म्हटलं? फक्त एकट्या नेपिअरवर गुरं ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. माळात स्टायलो हा द्विदल चारा पेरा, प्रथिनांची तूट बरीच भरते. आणि ताई, माळाचे चार तुकडे पाडून आळीपाळीने चारा. कुसळी कोवळी असतानाच खाल्ली जाईल, पवन्याला उसंत मिळेल. रोज बुडापर्यंत खुडलेल्या गवताची मुळं आखडतात, मग तिथे कुसळीच माजते.

कालवडवाली:
एका तुकड्याला यंदा काडी लावणार नाही. एकाच. परत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, तर इथेच येऊन तुम्हाला विचारीन.