नामिबियात शिकारीच्या सफारीवर आलोय, दोन दिवसांतच मत डळमळलं

भटक्या_ह्यूस्टनकर:

आधीच सांगतो, बंदूक मी हातात धरलेली नाही आणि धरणारही नाही. ऑफिसातला टेक्सन मित्र 'नुसता बघायला चल' म्हणून मागे लागला, म्हणून आलो. माझ्यासारख्याला इथे ऑब्झर्व्हर म्हणतात. नुसतं बघायचेही रोजचे डॉलर मोजावे लागतात!

विंडहुकचा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, उघड्या माळावर. विमानातून उतरून चालतच इमारतीत जायचं. आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यात पक्कं, त्यामुळे मी टी-शर्टवर. पण जुलै म्हणजे इकडे हिवाळा, आणि गाव सोळाशे मीटरच्या वर. दात वाजत होते. पोलिसांनी मित्राच्या रायफलीचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, काडतुसं मोजली, शिक्का मारला. आपल्याकडे एसटीत कोंबडी घेऊन चढलं तर याहून जास्त चौकशी होते.

बाहेर पडल्यावर वाटलं, आपण माण-खटावातच आलो की काय. पिवळं गवत, बाभळीच्या जातीची काटेरी झाडं, गाड्याही डाव्या बाजूने. फक्त माणसं नाहीत. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश आणि लोकसंख्या जेमतेम तीस लाख. आणि रस्त्याच्या कडेने कुंपण. संपतच नाही. माणसाच्या डोक्यावरून जाणारं, कुडूनेही (पिळदार शिंगांचं मोठं हरीण) उडी मारू नये म्हणून घातलेलं.

खोलीत टेबलावर दरपत्रक होतं, कुठलं जनावर मारायला किती पैसे. स्प्रिंगबॉक इतके, ओरिक्स इतके, कुडू इतके, डोंगरी झेब्रा इतके. खाली तळटीप: रक्ताचा थेंब जरी दिसला तरी पैसे भरायचे, जनावर हाती लागो न लागो. गोळीच्या आवाजाने दचकेन असं वाटलं होतं. खरा दचकलो तो हा कागद वाचून.

या शिकारीच्या शेताचा मालक जर्मन वंशाचा. रात्री ओरिक्सचं मांस वाढता वाढता म्हणाला, "आजोबांच्या काळी कुडू म्हणजे गाईचं गवत खाणारा उपद्व्यापी. दिसला की मारायचा. साठच्या दशकात कायदा बदलला, जमीनमालकाला जनावरांवर हक्क मिळाला. आता मला गाईपेक्षा कुडू परवडतो, म्हणून मी कुडू सांभाळतो." यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

कडवट_चहा:

सुचतंय. याला शिकार म्हणू नका, तिकीट लावलेला खाटिकखाना म्हणा. जनावराला पळायला जागा नाही, नेम चुकू नये म्हणून बंदूक टेकवायला तिकाटणं, शेजारी पगारी शिकारी उभा. यात मर्दुमकी कसली?

आणि तो आजोबांचा किस्सा. त्या आजोबांना ती जमीन मिळाली कशी, हे विचारलंत का? १९०४ साली, इथे जर्मनांची वसाहत असताना, त्यांचा सेनापती फॉन ट्रोथाने इथल्या हेरेरो जमातीला संपवण्याचा लेखी हुकूम काढला, उरलेल्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकललं. त्या संहाराला जर्मन सरकारने अधिकृतपणे 'वंशसंहार' म्हटलं ते २०२१ मध्ये. तुमच्या ताटातल्या ओरिक्सचा सातबारा तिथून सुरू होतो.

माळरान:

जमिनीचा मुद्दा शंभर टक्के खरा, पण तो प्राण्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. तेव्हापासून २०१६ पर्यंत तिथले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. नामिबियात उलट झालं. कुनोला सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच ना? तिथले बहुतेक चित्ते अभयारण्यात नाहीत, असल्याच शेतांवर राहतात.

निशिगंधा:

माळरान, हा आकडा शिकारवाले दर वेळी फेकतात. केनियातली घट बंदीमुळे झाली हे कुणी ठरवलं? गुरं वाढली, माणसं वाढली, चराऊ रानाचे तुकडे पडले, कुंपणं आली. टांझानियात तर शिकार चालूच होती. तिथल्या सेलू अभयारण्यात १९७६ ला लाखाच्या वर हत्ती होते, २०१३ च्या गणनेत सुमारे तेरा हजार उरले. चोरट्या शिकाऱ्यांनी हस्तिदंतासाठी कापले. डॉलरवाले शिकारी तिथेही होतेच की, त्यांनी काय वाचवलं?

चित्त्यांचं म्हणाल तर याच शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात ते हजारोंनी मारले, वासरं खातात म्हणून. आजही वर्षाला दीडशे बाहेर पाठवायचा कोटा आहे, त्यात शिकारीची कातडीही आली.

ताडोबाकाठचा:

तुम्ही सगळे शहरातले दिसता. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघ पाहायला जिप्सी येते, पैसे रिसॉर्टवाल्याचे; वाघ गाय मारतो, ती आमची. माणूस गेला तर पंचवीस लाख देतात. माणूस येतो का परत?

नामिबियाची दुसरी बाजू कुणी काढलीच नाही, म्हणून काढतो. १९९६ च्या कायद्याने गावांना स्वतःची कन्झर्व्हन्सी, म्हणजे गावाने सांभाळायचं वन्यप्राण्यांचं क्षेत्र, करता येते. अशा ८६ आहेत. तिथे शिकाऱ्याची फी गावाच्या खात्यात जाते आणि मांस गावात वाटतात. शिकारी नेतो ती शिंगं. मला इथे शिकार नको आहे, गैरसमज नको. पण जनावरासोबत जो राहतो त्याला त्यातलं काही मिळालं पाहिजे.

कडवट_चहा:

गावाची कन्झर्व्हन्सी वेगळी, या धाग्यातली खाजगी इस्टेट वेगळी. एकीचं पुण्य दुसरीच्या खात्यात जमा करू नका.

पन्हाळकर:

आमच्या कोल्हापूरच्या दरबारात आफ्रिकेतनं आणलेले चित्ते होते की! काळवीट मारायला सोडायचे. आणि दाजीपूरचं रान राखीव राहिलं ते महाराजांच्या शिकारीसाठीच, १९५८ ला तेच अभयारण्य झालं. आता काय म्हणायचं? शिकारीने रान वाचलं म्हणायचं, का रयतेला रानाबाहेर ठेवलं म्हणायचं? दोन्ही खरंच हाय भावा.

भटक्या_ह्यूस्टनकर:

चहा, तुमचा प्रश्न मालकाला विचारला. "पणजोबांनी रोख पैसे देऊन घेतली," म्हणाला आणि विषय बदलला.

आज सकाळी मित्राने कुडू पाडला. शिंगांचे तीन पीळ, अंगावर पांढरे पट्टे, डोळे उघडेच. मित्र रडला, हे मला अपेक्षित नव्हतं. मग त्याच्या मानेखाली दगड लावून, तोंडावरचं रक्त पुसून फोटो. फोटोला अर्धा तास, मारायला एक सेकंद. माग काढणारा ट्रॅकर इथल्या दमारा जमातीचा आहे. सोलताना त्याला विचारलं, तू स्वतःसाठी मारतोस का? म्हणाला, आजोबा मारायचे, याच नदीपात्रात. आता मारलं तर पोलीस नेतात. घरी न्यायला त्याला कुडूची आतडी आणि पुढचा एक पाय मिळाला.

माळरान:

म्हणजे मत कुठल्या बाजूला डळमळलं ते सांगाल की नाही?

भटक्या_ह्यूस्टनकर:

मालकाचा हिशेब अजूनही खोडता येत नाही, आणि ट्रॅकरचा त्याहून नाही. उद्या झेब्रा आहे म्हणे. मी कॅम्पवरच थांबणार आहे. ऑब्झर्व्हरचे पैसे परत मिळत नाहीत, दरपत्रकात तेही लिहिलंय.