मदत हवी आहे: तीन बहिणी आणि साठ वेळा ‘म्हणाली’

पहिलीच कथा लिहितेय. तीन बहिणी दिवाळीला माहेरी जमल्यात, चकल्या पाडता पाडता वडिलांनी आता कुणाकडे राहायचं यावर घसरतात. बारा पानांत ‘म्हणाली’ साठेक वेळा आलं. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की आमच्या बाई लाल गोल काढायच्या, ते डोक्यातून जात नाही. म्हणून एका रात्रीत सगळे बदलले:

“पीठ कोरडं झालंय,” शुभा उद्गारली.
“भिजवलंस तूच,” लता फणकारली.
“भांडू नका गं,” नीमाने विनवलं.

नवऱ्याला वाचून दाखवलं, तर म्हणे या चकल्या करतायत की संगीत नाटक?

नवरा-बायको असते तर ‘मी येतो’, ‘मी येते’वरूनच कळलं असतं. सासू-सून असत्या तर ‘तुम्ही’ आणि ‘अगं’वर भागलं असतं. इथे तिघीही बायका, तिघी एकमेकींना ‘तू’. शेपूट काढलं तर कोण बोलतंय कळत नाही, ठेवलं तर जपमाळ. त्यात ‘लताने विचारलं’ आणि लगेच खाली ‘लता म्हणाली’. तो ‘ने’ येतो-जातो तेही खटकतं. काय करू?

अर्धविराम: आधी ‘उद्गारली’ काढा. पीठ कोरडं झाल्यावर कुणी उद्गारत नाही.
‘म्हणाली’ लिहिणाऱ्याला दिसतं, वाचणारा त्यावरून घसरून पुढे जातो. लीळाचरित्र उघडून बघा, चक्रधरस्वामींच्या आठवणींचं, तेराव्या शतकातलं. ‘सर्वज्ञें म्हणीतलें’, म्हणजे ‘स्वामी म्हणाले’, किती वेळा येतं! कंटाळा येत नाही, कारण लक्ष पुढच्या बोलण्याकडे असतं. (आणि बघा, तेव्हा ‘म्हणणे’लाही कर्ता ‘ने’वालाच लागायचा. तुमच्या खटक्याचं मूळ जुनं आहे.)

डोंबिवलीकर: मग ‘बोलली’ चालेल का? आमच्याकडे ‘ती मला बोलली’ सर्रास म्हणतात.

अर्धविराम: पात्राच्या तोंडी खुशाल. निवेदनात नको, ‘ती मला बोलली’ म्हणजे रागावली असं वाचणारे पुष्कळ आहेत.

खिडकीजवळची: तिघी ‘तू’ म्हणत असल्या तरी थोरलीला ‘ताई’ म्हणत असतीलच ना? ते वापरा. हातातलं कामही वापरा:

शुभाने सोऱ्या उघडून आत बोट घातलं. “पीठ कोरडं झालंय.”
“भिजवलंस तूच, ताई,” लता म्हणाली.
“भांडू नका गं.”

तिसऱ्या ओळीला काहीच लागत नाही. ‘नका’ दोघींना उद्देशून आहे, म्हणजे उरली नीमाच. पण दर वाक्याला कुणी पदर खोचतंय, कुणी झारा ठेवतंय असं करू नका, तोही रोगच आहे. माझ्या एका कथेत सगळे एकसारखे चष्मे पुसत होते. आणि ‘…, ती हसली’ हेही टाळा. हसून बोलता येतं, वाक्य हसता येत नाही.

धागाकर्ती: आभार! काल पुन्हा बसले. साठातले बावीस ‘म्हणाली’ उरलेत. ‘फणकारली’, ‘उद्गारली’, ‘करवादली’ सगळ्या गेल्या. शेवटच्या पानावरचं एक ‘पुटपुटली’ मात्र ठेवलंय. तिथे वडील दारात येऊन उभे असतात आणि शुभा खरंच पुटपुटते.