लॉर्ड हाऊ बेटावर उंदरांसाठी विष टाकलं, मग पक्षी वाचले कसे?

भटकी_सिडनीकर
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात सिडनीहून लॉर्ड हाऊ बेटावर चार दिवस जाऊन आले, विमानाने जेमतेम दोन तास. तिथे वूडहेन म्हणून एक तपकिरी पक्षी आहे, आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, उडता येत नाही त्याला आणि माणसाला घाबरत पण नाही, आपण वाटेवर बसलो तर थेट बुटापाशी येऊन उभा राहतो. गाईड म्हणाला की २०१९ साली उंदीर संपवायला सगळ्या बेटावर विष टाकलं होतं, डोंगरात तर हेलिकॉप्टरने. मला ते ऐकल्यापासून चैन नाही. जमिनीवर दिसेल ते टिपणारा पक्षी त्यातून वाचला कसा? आणि इतक्या टोकाला जायची गरज होती का, पिंजरे लावून नसतं भागलं?

पाखरूवेडा
ताई, वूडहेन वाचल्या कारण विष पडलं तेव्हा त्या जंगलात नव्हत्याच. आधी दोनशेच्या वर वूडहेन हाताने पकडून बेटावरच मोठ्या पिंजऱ्यांत ठेवल्या, सिडनीच्या तारोंगा झूची माणसं सांभाळायला होती, विषाच्या गोळ्या विरून गेल्यावर परत सोडल्या. तसंच करावाँग, तो कावळ्याएवढा काळा पक्षी, तो मेलेले उंदीर खाणार हे माहीतच होतं म्हणून त्यांच्यातलेही बरेच पक्षी आत ठेवले. गोळ्या हिवाळ्यात टाकल्या, तेव्हा उंदरांना खायला कमी असतं आणि पुष्कळ समुद्रपक्षी बेटावर नसतात.

गरजेचं म्हणाल तर १९१८ ला मकांबो नावाचं जहाज तिथे खडकाला लागलं आणि त्यातून काळे उंदीर उतरले. नंतरच्या थोड्याच वर्षांत पाच जातींचे पक्षी संपले, जगात दुसरीकडे कुठेच नव्हते ते. तळहाताएवढा काळा काडीकिडा होता तोही गेला असंच सगळे धरून चालले होते, मग २००१ मध्ये बॉल्स पिरॅमिड नावाच्या समुद्रातल्या सुळक्यावर एका झुडपाखाली २४ किडे सापडले. ऐंशी वर्षं तो जीव त्या एवढ्याशा झुडपाच्या आधाराने टिकून होता, मला अजूनही हे वाचलं की भरून येतं.

माडवाला
मी विषाच्या विरोधातला माणूस आहे. आमच्याकडे कोकणात उंदीर माडावर चढून कोवळे नारळ पोखरतात, एका वर्षी कंटाळून औषध ठेवलं आणि आठवड्याभरात गोठ्याच्या आढ्यावरचं घुबड खाली मरून पडलेलं. तेव्हापासून खोडाला पत्रा बांधतो, औषध नाही. तिथल्या लोकांचं पण केंटिया पाम या शोभेच्या झाडाच्या बिया विकण्यावर पोट होतं ना, उंदीर त्या खायचे, मग त्यांनी शंभर वर्षं काय केलं?

पाखरूवेडा
दादा, सगळं करून पाहिलं. शेपट्या आणून द्या पैसे न्या असं पण झालं. १९२० च्या दशकात तर उंदीर खाईल म्हणून बाहेरून घुबडं आणली, ती तिथल्याच पक्ष्यांवर तुटून पडली, शेवटी या मोहिमेत त्यांनाही काढावं लागलं. पिंजरे काय किंवा घरोघरी ठेवलेलं औषध काय, संख्या कमी होते पण थोडे राहतातच आणि एक जोडी राहिली तरी वर्षात होते तसंच. तुमचं घुबड गेलं ते वाईटच झालं, पण तुमच्याकडे शेजारच्या वाडीतून उंदीर परत येणारच, बेटाला चारी बाजूंनी समुद्र आहे, तिथे एकदा नीट केलं तर वर्षानुवर्षं विष ठेवत बसावं लागत नाही. त्या गोळ्यांत ब्रोडिफॅकम नावाचं विष होतं, त्याने रक्त गोठत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना त्या गोळीचा संशय येत नाही. गोगलगाई, किडे यांचं रक्त वेगळं म्हणून त्यांना फारसा धोका नाही. वस्तीत पोरंबाळं, कुत्री, म्हणून तिथे हेलिकॉप्टर नाही, हजारो पेट्या हाताने लावल्या.

रेवदंड्याची_मीनल
आणि हे गावावर लादलं नव्हतं हो. जेमतेम साडेतीनशे वस्ती, २०१५ मध्ये मतदान झालं तर बाजूने ५२ टक्के फक्त, म्हणजे जवळजवळ अर्धं बेट विरोधात आणि रोज तीच तोंडं समोर. मला त्या नाही म्हणणाऱ्यांची भीती पण खरी वाटते. बरं, २०२१ मध्ये वस्तीत परत उंदीर दिसले, मग वास काढणारी कुत्री घेऊन पुन्हा घर न घर शोधलं.

भटकी_सिडनीकर
खूप आभार सगळ्यांचे. आता वूडहेन किती आहेत? आणि माझ्या फोटोतल्या वूडहेनच्या पायात रंगीत कड्या दिसतायत, त्या कशाला?

पाखरूवेडा
हजाराच्या वर गेल्या. १९८० च्या आसपास तीससुद्धा नव्हत्या. कड्या ओळखीसाठी, रंगांवरून कळतं ही कोणती ते. फोटो टाका ना इथे, कड्या नीट दिसतील असा.